घोडी बुजली नव्हती

मित्रांनो, पिरेनीज पर्वताच्या उतारावर सेरबेल नावाचे अकरा उंबऱ्यांचे गाव आहे. गावातल्या शेवटच्या घराला लागून एक पागा आहे आणि पागेच्या दाराशी, आडव्या लाकडावर, मी बसलेला असतो. मी खोगीर. वय झाले आहे माझे. कडा झिजल्या आहेत, बैठक मधोमध खोल गेली आहे, आणि पाऊस येणार असला की माझ्या अंगाला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो, असे फिर्मँ म्हणतो. त्याचे फार मनावर घेऊ नका. तो सगळ्यांनाच काहीतरी म्हणतो.

माझा जन्म खाली दरीतल्या बाजारगावात झाला. फेरेओल नावाचा कारागीर हिवाळाभर माझ्यावर काम करत होता. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर जाड कातडे, आत मेंढीची पिंजलेली लोकर. तुमच्या भाषेत बिनकामाच्या भरीला 'खोगीरभरती' म्हणतात, असे मी ऐकले आहे. फेरेओलच्या कानावर ते गेले असते तर तो हातातली आरी घेऊन मागे लागला असता. त्याला लोकरीची एक गाठसुद्धा खपत नसे. तो बोटांनी लोकर चाचपायचा आणि पुटपुटायचा, "इथं गाठ राहिली, की तिकडं घोडीच्या पाठीला फोड."

मला बनवून घेतले ते ओनोरीनने. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. तिचा नवरा फिर्मँ मेंढपाळ. उन्हाळ्याचे चार महिने तो मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात, दगडी झोपडीत राहायचा, आणि ओनोरीन दर आठवड्याला त्याच्यासाठी पाव आणि मेंढ्यांसाठी मीठ घेऊन जायची. तिच्याकडे मेर्लेत नावाची कोळशासारखी काळी घोडी होती. तिच्या पाठीचे माप घ्यायला फेरेओल स्वतः डोंगर चढून आला होता.

मला हवाली करताना त्याने ओनोरीनला बजावले, "आठवड्याला साबण, महिन्याला तेल. आणि पट्टे रोज बघायचे. नवऱ्याचं जेवण राहिलं तरी चालेल."

"मी इथंच उभा आहे हां," फिर्मँ म्हणाला.

"म्हणूनच मोठ्यानं सांगतोय," फेरेओल म्हणाला.

ती सुरुवातीची वर्षे कष्टाची होती, पण मला आवडायची. सकाळी ओनोरीन मेर्लेतला खरारा करायची, मग घोंगडी, मग मी. बीचच्या रानातून वाट वर जायची. रानाबाहेर पडले की वारा अंगावर यायचा, मार्मोट, म्हणजे बिळात राहणाऱ्या गुबगुबीत डोंगरी खारी, शिट्या घालायच्या आणि दगडांवरून इझार, म्हणजे आमच्याकडच्या डोंगरी बकऱ्या, मान उंचावून बघायच्या. ओनोरीन वाटेत गात नसे की बोलत नसे. ती फक्त बघायची. घरी आल्यावर मात्र ओल्या फडक्याने माझे अंग पुसायची, पट्ट्यांवरून बोट फिरवायची आणि दिवसभरात काय काय पाहिले ते मेर्लेतला सांगायची. जणू मेर्लेत बरोबर नव्हतीच!

पुढे दिवस पालटले. मेंढ्या कमी झाल्या. गावातली शाळा बंद झाली, मग पाववाल्याची गाडी यायची थांबली. एकेका घराच्या खिडक्या मिटत गेल्या. मेर्लेत म्हातारी होऊन गेली आणि तिची लेक माझ्याखाली आली. एका वसंतात जेवता जेवता ओनोरीन म्हणाली, "मी पाहुण्यांना घोड्यावरून डोंगर दाखवणार आहे."

फिर्मँचा चमचा हवेतच राहिला. "कुणाला?"

"शहरातल्या लोकांना."

"लोक पैसे मोजून डोंगर बघायला येणार? डोंगर म्हणजे काय सर्कस आहे?"

"तू आयुष्यभर फुकट बघतोयस, म्हणून तुला किंमत नाही."

"मग बकऱ्यांना टोप्या शिव. दारात उभ्या करू."

पहिले पाहुणे आले त्या दिवशी फिर्मँ लाजून घरामागच्या लाकडांच्या ढिगाआड लपून बसला. पाहुणे म्हणजे तुलूज शहरातून आलेले एक वयस्कर जोडपे. परतताना त्या बाई घोडीच्या मानेला मिठी मारून रडल्या. का, ते त्यांनाही सांगता आले नाही. फिर्मँ ढिगाआडून हे बघत होता. दुसऱ्या दिवसापासून तो पाहुण्यांसाठी कोबी आणि डुकराच्या मांसाचे सूप शिजवू लागला. शिजवताना कुरकुर करायचा, पण शिजवायचा.

ओनोरीनचे काही नियम होते. खरारा केल्याशिवाय कोणी घोड्यावर बसायचे नाही. बीचच्या रानात बोलायचे नाही. झऱ्यापाशी सगळ्यांनी थांबून, डोळे मिटून, पाच मिनिटे नुसते ऐकायचे. कोणाला गिधाडाच्या पंखांचा आवाज ऐकू यायचा, तर कोणाला स्वतःचाच श्वास. जो पाहुणा सगळ्यांत भित्रा, त्याला मी मिळायचो. ओनोरीन म्हणायची, "यावर बसा. याच्यावरून आजवर कोणी पडलेलं नाही." हे ऐकले की माझे अंग ताठ व्हायचे. गर्व म्हणा हवे तर.

मग एका मासिकात माझा फोटो छापून आला. खाली लिहिले होते, 'पिरेनीजमधले सर्वांत सुखाचे आसन'. ओनोरीनची मुलगी सोलांज शहरातली नोकरी सोडून मदतीला आली. ती हुशार होती, झपाट्याने काम करायची. तीन घोड्यांचे दहा झाले. दिवसाच्या एका फेरीच्या दोन झाल्या, मग तीन. पाहुणे येता येताच म्हणायचे, "ते फोटोतलं खोगीर मला!" आणि माझ्यावर बसून आपले फोटो काढायचे. मित्रांनो, माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते. आणि माझ्याकडे इतके दुर्लक्षही कधी झाले नव्हते.

संध्याकाळी ओनोरीन थकून पागेत यायची, माझ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "उद्या हं, उद्या नक्की." तिची चूक मी काढत नाही. दहा घोड्यांचे चारा-पाणी, सत्तावीस माणसांची जेवणे, कुणाचे पाय सोलवटलेले, कुणाचे पोर रडणारे. पण तेलावाचून कातडे कोरडे पडत चालले होते. घोडीच्या पोटाखालून आवळायचा तंग ज्यांना बांधतात, ते माझे दोन पट्टे बाहेरून चांगले दिसत. आत, जिथे बक्कल बसते आणि नजर पोचत नाही, तिथे त्यांना केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. मला त्या जाणवत होत्या. पण मी खोगीर. सांगणार कुणाला?

ऑगस्टमधल्या एका दुपारी ओदील नावाच्या बाई माझ्यावर बसल्या. त्या सेंत-एत्येन शहरात एकतीस वर्षे ट्राम चालवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घोड्यावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांना वरचे तळे बघायचे होते. घोडी होती मेर्लेतची नात, ग्रीव. बाई लगाम दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे बघत होत्या आणि मधूनमधून ग्रीवला सांगत होत्या, "सावकाश. पुढे वळण आहे."

तळे दोन वळणांवर राहिले होते. चढावर ग्रीवने जोर लावला आणि माझा डावीकडचा पहिला पट्टा तुटला. सगळा भार दुसऱ्यावर आला. तोही त्याच वयाचा, तसाच कोरडा. मी एका अंगाला घसरलो आणि ओदीलबाई दगडांवर पडल्या.

आता नीट ऐका. मी उलटा होऊन ग्रीवच्या पोटाखाली लोंबत होतो. माझी पाय ठेवायची रिकीब तिच्या पायांवर आपटत होती. अशा वेळी घोडा उधळतो, लाथा झाडतो; दहांतले नऊ घोडे तसेच करतील. आणि बाई नेमक्या तिच्या खुरांशेजारी पडल्या होत्या. ग्रीवच्या पोटाचे कातडे थरथरत होते, ते मला कळत होते. पण ओनोरीन धावत येऊन मला सोडवेपर्यंत तिने एकही पाय उचलला नाही.

जवळच्या कुरणातून फिर्मँ पळत आला. पासष्टीचा माणूस, धाप लागलेली. त्याने आपली लोकरीची कांबळ बाईंवर पांघरली आणि शेजारी दगडावर बसला.

"घोडी ठीक आहे ना?" ओदीलबाईंनी विचारले.

"तुमच्यापेक्षा बरी आहे. हलू नका."

"एकतीस वर्षांत ट्राममधून एकदा पण पडले नाही हो मी."

"ट्रामला पाय नसतात, बाई."

त्या हसल्या आणि कळ येऊन विव्हळल्या. डोंगरी बचाव पथकाचे हेलिकॉप्टर येईपर्यंत फिर्मँने त्यांचा हात सोडला नाही. बाईंचा खुबा मोडला होता.

मला पागेत आणून जमिनीवर ठेवले. ओनोरीन तुटके पट्टे हातात घेऊन बसली होती. सोलांज आत आली आणि तिने दार लोटून घेतले.

"आई, पोलीस येतोय. त्याला सांग, घोडी बुजली."

"ती बुजली नाही."

"मला माहितीये गं! पण घोडे बुजतातच. कोणी दोष देणार नाही. पट्ट्याचं कळलं, की आपण संपलो. वीस वर्षं घातलीस तू यात."

"आणि ग्रीवचं काय?"

सोलांज खाली बघू लागली. "विकू तिला."

माणसाला पाडणारी घोडी म्हणून नाव पडले, की आमच्याकडे तिला एकच गिऱ्हाईक उरते, आणि ते म्हणजे खाटीक. हे दोघींनाही ठाऊक होते. ओनोरीन तुटक्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. मित्रांनो, मी तिला तीस वर्षे ओळखत होतो, तरी ती हो म्हणेल की काय, अशी त्या क्षणी मला भीती वाटली. ती उठली, ग्रीवच्या खणापाशी गेली आणि तिच्या कपाळाला आपले कपाळ टेकवून उभी राहिली.

पोलीस तरुण होता, भला होता. त्याने वही उघडली आणि स्वतःच उत्तर पुढे केले. "घोडी बुजली ना, बाई?"

"नाही," ओनोरीन म्हणाली. तिने तुटके पट्टे त्याच्या वहीवरच ठेवले. "ही बघा चीर. जुनी आहे. आतून काळी पडलीय. तेल लावायचं काम माझं होतं. उन्हाळाभर मी ते लावलं नाही. घोडी जागची हलली नाही, म्हणून त्या बाई जिवंत आहेत. हे पण लिहा."

त्याने लिहिले. सोलांज रडत बाहेर गेली.

ओनोरीनने हंगाम तिथेच थांबवला. ती इस्पितळात जाऊन ओदीलबाईंनाही सारे सांगून आली. बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आत्ता मला काही बोलायचं नाही. तुम्ही जा." नऊ घोडे दुसऱ्या गावांत गेले. सोलांज तुलूजला परतली. ग्रीव तेवढी राहिली आणि मी मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात एका खिळ्याला लटकलो.

तिथे मी चार हिवाळे काढले. अंगावर हिरवी बुरशी चढली. एका उंदरिणीने माझे पोट कुरतडून, फेरेओलने एवढी निवडून भरलेली लोकर उपसली आणि त्यात आपली पिल्ले झोपवली. तेवढाच काय तो माझा उपयोग! ओनोरीन गोठ्यात आली तरी माझ्याकडे बघत नसे. तिला माझा राग नव्हता. माणसाने स्वतःचे तोंड आरशात बघायचे टाळावे, तशी ती मला टाळत होती.

पाचव्या वर्षी जून महिन्यात, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या बसमधून काठी टेकत एक बाई उतरल्या. फिर्मँ त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याने आधी सूप वाढले. मग ओनोरीनला घेऊन तिघे गोठ्यात आले.

"हेच का ते?" ओदीलबाईंनी मला काठीने हळूच टोचले. "किती वाईट दिसतंय."

ओनोरीन मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही कशाला आलात? मी तुमचं वाटोळं केलं."

"खुबा मोडलात, वाटोळं नाही. तीन वर्षं मी तुम्हाला रोज शिव्या घातल्या. चांगल्या, सेंत-एत्येनच्या. मग एक दिवस आठवलं." त्या चाऱ्याच्या पेंढीवर बसल्या. "ट्राम काढायच्या आधी ब्रेक तपासायचे असतात. रोज. मीही तपासायचे. एका सकाळी भावाशी भांडण झालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. तशीच निघाले. बाजाराच्या उतारावर आल्यावर लक्षात आलं. ट्राममध्ये ऐंशी माणसं. ब्रेक लागले. काही झालं नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुझा पट्टा तुटला, माझा ब्रेक लागला. फरक तेवढाच. बाकी, तू खरं बोललीस आणि मी गप्प बसले."

बोलता बोलता त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या. कुणाच्या ते लक्षातही आले नाही.

"मला तळं बघायचंय, ओनोरीन. आता चालत जमणार नाही. तूच नेशील."

"माझा आता कुठल्याच पट्ट्यावर विश्वास राहिला नाही गं."

"मग ठेवू नकोस. तपास."

फिर्मँ एवढा वेळ दारात उभा होता. तो पुढे झाला आणि मला खिळ्यावरून उतरवून खांद्यावर घेत म्हणाला, "चला. फेरेओल मरायच्या आत पोचायला हवं."

फेरेओल मेला नव्हता, पण फार थकला होता. दुकान बंद होते. त्याने मला मांडीवर घेतले, पालथे केले, पोटात हात घालून उंदरिणीचे घर बाहेर काढले. चष्म्यावरून ओनोरीनकडे बघत त्याने विचारले, "हे तू केलंस?"

"हो."

"सांगाडा शाबूत आहे. बाकीचं करता येईल. पण माझे हात कापतात. तुलाच शिवावं लागेल."

ओनोरीन अकरा दिवस रोज दरीत उतरत होती. तो सांगायचा, ती शिवायची. नवे कातडेही तिनेच रापीने कापले. टाका सैल पडला की फेरेओल काठी आपटायचा, "उसव! परत!" मेण लावलेल्या दोऱ्याने तिची बोटे कापली. त्या अकरा दिवसांत ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली. आधी फक्त "थांब जरा" एवढेच, मग हळूहळू सगळे.

जुलैत आम्ही निघालो. ग्रीववर मी, माझ्यावर ओदील, आणि ओनोरीन लगाम धरून पायी. फिर्मँ मागे. उतारांवर बुरांशाच्या झुडपांना लालगुलाबी फुले आली होती. ओनोरीनने रानाच्या तोंडाशी पट्टा तपासला, झऱ्यापाशी तपासला, शेवटच्या चढाआधी तर दोनदा.

"अगं, किती वेळा बघशील?" फिर्मँ म्हणाला. "लाजायला लागला तो पट्टा."

मग ती दोन वळणे आली. ओदीलच्या मांड्या भीतीने माझ्या अंगाला घट्ट आवळल्या होत्या. ग्रीव कान मागे टाकून एकेक पाऊल तोलून टाकत होती. पहिले वळण गेले. दुसरे गेले. आणि समोर तळे आले, काळेनिळे, काठाला अजून थोडे बर्फ.

ओदीलने तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं याहून मोठं असेल."

फिर्मँ आधी हसला, मग ओनोरीन. इतकी हसली की तिला खाली बसावे लागले, आणि बसल्यावर ती रडू लागली. ओदीलने वरूनच वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांच्यातले कोणी परत जायचे नाव काढत नव्हते.

आता पागेत चारच घोडे आहेत. दिवसाला एकच फेरी निघते. सोलांज सुट्टीत येते आणि माझे पट्टे आईच्याही आधी तपासते. बसण्यापूर्वी प्रत्येक पाहुण्याला खोगिराच्या खाली हात घालून पट्टा चाचपावा लागतो, आणि परतल्यावर, हाताला तेलाचा वास लागल्याशिवाय, फिर्मँ त्याला सूप वाढत नाही. काही पाहुणे नाके मुरडतात. मुरडू देत.

मित्रांनो, फोटोत मी कितीही छान दिसलो तरी कौतुकाने कातडे मऊ राहत नाही. म्हणून एवढेच मागणे आहे. जे तुमचा भार वाहते, मग ते सायकल असो, दप्तर असो की एखादे मुके जनावर, त्याच्या न दिसणाऱ्या जागेवर रोज एकदा हात फिरवा. तरीही कधी काही तुटले आणि चूक तुमची असली, तर ती तुमचीच आहे असे मोठ्याने सांगा. मग तेलाची बाटली उचला आणि कामाला लागा.